रिजनरेट मारलं, ४१२ टेस्ट हिरव्या झाल्या, आणि जिनिंगचा काटा बंद पडला

पराटी (दारव्ह्याजवळ, जि. यवतमाळ)

राजेहो, जरा लांबलचक लिहून राहिली. अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवटच येतात, म्हणून.

मी गावातूनच काम करते. कंपनी पुण्याची, लहान. त्यांचं एक टूल आहे, व्हर्च्युअल मशीन (कम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं उभा केलेला कम्प्युटर) मांडायचं. दहा-बारा ओळींच्या साध्या फाइलीत आपण लिहायचं की ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, मेमरी किती, डिस्क किती, नेटवर्क कोणतं. टूल त्यावरून लिबव्हर्टला (अशी मशीनं सांभाळणारं सॉफ्टवेअर) लागतो तसा दीडशे ओळींचा एक्सएमएल (खुणा घालून लिहिलेली मजकुराची फाइल) काढून देते. व्हर्च्युअल मशीनच्या पोटात कोणता कंट्रोलर, कोणतं कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये, सगळं त्यात. पुढे क्यूएमू नावाचा प्रोग्राम त्याबरहुकूम मशीन उभं करतो. कोड लिहिणारे तिकडे चौघं आहेत. टेस्ट केसेस सांभाळणारी मी एकटी, चार वर्षांपासून.

टेस्ट म्हणजे फाइलींची जोडी. एक इनपुट, आणि शेजारी 'हेच निघालं पाहिजे' म्हणून ठेवलेला एक्सएमएल. टूल चालवायचं, निघालेलं आणि ठेवलेलं ओळीओळीनं जुळवायचं. अशा जोड्या ४१२. कोडमध्ये मुद्दाम काही बदललं की ठेवलेल्या फाइली जुन्या पडतात, त्यासाठी रिजनरेटची सोय आहे. आता जे निघून राहिलं तेच बरोबर समज आणि लिहून टाक. एक कमांड, वीस सेकंद.

सप्टेंबरात आमच्याकडे डीफॉल्ट मशीन बदललं. आधी ४४०एफएक्स होतं, म्हणजे इंटेलच्या १९९६च्या चिपसेटची नक्कल. आता क्यू३५, तो २००७चा. पहिल्यात कार्डं जोडायला साधं पीसीआय आणि डिस्क जोडायला आयडीई, दुसऱ्यात पीसीआय-एक्सप्रेस आणि साटा. बदल चांगलाच आहे, त्याबद्दल भांडण नाही.

३०१ टेस्ट लाल झाल्या, म्हणजे जुळल्या नाहीत. होणारच होत्या. डिफ (कोणत्या ओळी बदलल्या त्याची यादी) उघडला, पहिल्या पंचवीसेक फाइली नीट वाचल्या. मशीनचं नाव बदललेलं, रूट-पोर्टच्या १४ ओळी वाढलेल्या, सीडी-रॉम आयडीईवरून साटावर गेलेली. पुढच्या फाइलीत तेच, त्याच्या पुढच्यात तेच. संध्याकाळचे साडेसहा वाजलेले, लाईन गेलेली, इन्व्हर्टरची बॅटरी कुंथून राहिली होती. मारलं रिजनरेट. ४१२ हिरव्या. कमिट करून दिलं आणि स्वयंपाकाला लागली.

आता नोव्हेंबर. आमच्या भागातली एक जिनिंग आहे, हे गिऱ्हाईक कंपनीला मीच जोडून दिलेलं. त्यांच्या काट्याचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर चालते. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला बंद केला, पण ते सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस त्याच्याही आधी धंदा सोडून गेला होता. म्हणून एक्सपीला व्हर्च्युअल मशीनमध्ये घालून ठेवलं आहे, बरणीत लोणचं ठेवतात तसं. काट्याची वजनपेटी सिरियल केबलनं जोडलेली. भरली गाडी काट्यावर येते, वजन स्क्रीनवर उतरते, कापूस खाली करून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर, वजाबाकी होऊन पावती निघते.

जिनिंगनं सीझनच्या तोंडावर सर्व्हर बदलला. तिथल्या पोरानं तीच दहा ओळींची फाइल नव्या सर्व्हरवर टूलला दिली आणि जुनी डिस्क इमेज लावली. निळा पडदा, कोड ७बी. आमच्या टूलनं एक्सपीची डिस्कच आयडीईवरून साटावर नेऊन ठेवली होती. एक्सपीजवळ एएचसीआयचा (साटा चालवायच्या पद्धतीचा) ड्रायव्हर मुळात नसतो, त्यामुळे ज्या डिस्कवरून उठायचं तीच त्याला दिसत नाही. शकुंतलेच्या (आमच्याकडची नॅरोगेज रेल्वे) ७६२ मिलिमीटरच्या रुळावर ब्रॉडगेजचा डबा ठेवल्यासारखं झालं.

सकाळी दहाला बाबांचा फोन. "काहून वं, तुयं कम्प्युटर बंद पडलं म्हणते इथं. चाळीस गाड्या उभ्या हायेत." त्या चाळिसात सव्विसावी आमची होती.

फाइलीत 'मशीन: पीसी' (म्हणजे जुनं ४४०एफएक्स) एवढी एक ओळ घालायला लावली, एक्सएमएल नव्यानं काढला, एक्सपी उठलं. नुसतं तयार एक्सएमएलमध्ये मशीनचं नाव बदलून भागत नाही बरं का, क्यू३५चे कंट्रोलर आणि पीसीआयचे पत्ते मागे राहतात आणि लिबव्हर्ट अडून बसते. पोरानं तो उद्योग तासभर करून पाहिला होता. दीड वाजता काटा सुरू झाला. बाबा संध्याकाळी पावती घेऊन आले, टेबलावर ठेवली, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर विचारायचं हे. ३०० फाइलींचा डिफ माणसानं वाचायचा कसा? खरंच वाचता का तुम्ही? आणि डीफॉल्ट बदलल्यावर टेस्ट लाल होणं हे बरोबरच असेल, तर त्या लाल ढिगातली एक खरी लाल ओळखू यावी अशी टेस्टची मांडणी कशी करायची? ४१२ मलाच जास्त वाटून राहिल्या, पण कोणती काढू ते कळत नाही. काढली तीच नेमकी कामाची निघाली तर?


तर्रीपोहे (नागपूर)

हाव ताई, हे पाप सगळ्यांनीच केलं आहे, तुमच्या लायनीत फक्त गाड्या उभ्या होत्या म्हणून दिसलं.

३०१ फाइली कोणी वाचत नाही. वाचतो म्हणणारा खोटं बोलून राहिला. वाचायचे नमुने. प्रत्येक फाइलीच्या डिफमधून फाइलीचं नाव आणि ओळ क्रमांक काढून टाका. पीसीआयच्या पत्त्यांमधले बस-स्लॉटचे आकडे एकाच अक्षराने झाका, ते तर क्यू३५वर सगळेच हलणार. उरलेल्या बदललेल्या ओळी सॉर्ट करा आणि एकसारख्या किती ते मोजा. ३०० फाइलींतून दहा-बारा नमुने निघतील, पैज. ज्याच्यासमोर ३०१ लिहून येईल तो एकदा पाहा आणि सोडा. ज्याच्यासमोर २, ३, ४ येईल तिथं चहा घेऊन बसा.

आणि मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर), यूयूआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) टेस्टमध्ये पक्के बांधले आहेत ना? नसतील तर हे काहीच चालणार नाही. दर वेळी मॅकमध्ये ५२:५४:००च्या पुढे नवीन आकडे, दर वेळी प्रत्येक फाइल वेगळी.


पराटी

मॅक आणि यूयूआयडी बांधलेले आहेत, ते पहिल्याच वर्षी करून घेतलं.

भाऊ, काल रात्री सप्टेंबरच्या त्याच कमिटवर तुमची युक्ती चालवली. ७ नमुने निघाले. आणि ऐका, सगळ्यात छोटा नमुना ३८ फाइलींचा! एक्सपीवाली गोष्ट त्यात कुठंच नाही. मला वाटलं आपलंच काही चुकलं. अर्धा तास शोधल्यावर सापडलं.

एक्सएमएलमध्ये बदललेली ओळ म्हणजे डिस्कच्या टार्गेटची. जुनी: 'एचडीए, बस आयडीई'. नवी: 'एसडीए, बस साटा'. लिनक्सवाल्या मशीनची डिस्क व्हर्टआयओवर (व्हर्च्युअल मशीनसाठीच केलेली जोडणी) असते, ती हललीच नाही. तिथं ही ओळ सीडी-रॉमची. आणि एक्सपीवाल्यात हीच ओळ, अक्षर न् अक्षर हीच, पण ती बूट डिस्कची. ही सीडी आहे की डिस्क ते लिहिलेलं असतं चार ओळी वर, आणि ती ओळ बदलत नाही म्हणून डिफमध्ये येत नाही. १९२ फाइलींचा एकच नमुना दिसला: १८८ सीडी-रॉम आणि ४ डिस्क, एकाच पोत्यात.

सप्टेंबरात माझ्या डोळ्यांनीही तेच केलं असणार. ही ओळ मी पंचवीस वेळा 'बरोबर' म्हणून पाहिली होती. सव्विसाव्या वेळी डोळा थांबत नाही.

मग स्क्रिप्टमध्ये एवढंच वाढवलं की प्रत्येक बदललेल्या ओळीला तिच्या वरचा घटक चिकटवायचा, त्याच्या गुणांसकट. म्हणजे 'डिस्क, प्रकार सीडी-रॉम, टार्गेट…' आणि 'डिस्क, प्रकार डिस्क, टार्गेट…'. आता ११ नमुने. शेवटच्यासमोर आकडा ४. दोन एक्सपीच्या, एक विंडोज २०००ची, एक कोणीतरी हौसेनं टाकलेली फार जुन्या लिनक्सची.

चार फाइली. सप्टेंबरपासून गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंदवही) पडून होत्या.


तर्रीपोहे

आई शप्पथ. माझ्याही स्क्रिप्टमध्ये वरचा घटक नाही. आज बदलतो. पैज मी जिंकलो की हरलो ते तुम्हीच ठरवा.


धानाचा_बांध (गोंदिया)

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. पूर्ण फाइल जुळवायची टेस्ट मुळातच चुकीची. दीडशे ओळींची फाइल ठेवून तुम्ही नेमकं काय तपासता? काहीच नाही, 'कालसारखं आहे का' एवढंच. काल चूक असेल तर आजही चूक हिरवी.

त्यापेक्षा नियम लिहा. एक्सपी असेल तर बूट डिस्क आयडीईवर. कोणत्याही दोन उपकरणांचा पीसीआय पत्ता एक नको. आयडीईच्या चार डिस्कच्या वर पाचवी मागितली तर एरर आलाच पाहिजे. असे चाळीस नियम लिहिले की ४१२ फाइली फेकून देता येतील. डीफॉल्ट बदलल्यावर यातला फक्त तोच नियम लाल होईल जो खरंच मोडला.

आणि खरं म्हणजे हा टेस्टचा दोष नाहीच. कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमला कोणतं उपकरण चालते हे ओएसइन्फोच्या डेटाबेसमध्ये लिहिलेलं असते. व्हर्ट-इन्स्टॉल (मशीन बनवायची कमांड) ते पाहूनच ठरवते. तुमच्या कोडवाल्यांनी ते न विचारता मशीन बदललं, आणि बोलणी टेस्टवालीनं खाल्ली.


आंबिया_बहार (वरुड)

धानवाल्या भाऊंचं शेवटचं वाक्य मान्य. पहिलं अर्धंच.

मी लिबव्हर्टला अधूनमधून पॅच (कोडमधल्या दुरुस्त्या) पाठवतो, म्हणून तिथली रीत सांगतो. तिथं हजारांनी फाइली आहेत आणि पद्धत हीच, इनपुट आणि शेजारी अपेक्षित आउटपुट. एक एक्सएमएल, आणि दुसरी क्यूएमूची पूर्ण कमांड. रिजनरेटही आहे, एक एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल लावलं की झालं. तरी गाडी चालते, ती दोन-तीन सवयींवर.

पहिली गोष्ट म्हणजे ते 'कोणती क्यूएमू' हे टेस्टमध्येच लिहून ठेवतात. क्यूएमूच्या प्रत्येक आवृत्तीला प्रश्न विचारून तिची उत्तरं एका फाइलीत साठवलेली असतात: कोणती मशीन येतात, कोणती उपकरणं येतात. टेस्ट त्या फाइलीवर चालते, तुमच्या लॅपटॉपवर बसवलेल्या क्यूएमूवर नाही. आणि एकाच इनपुटच्या दोन टेस्ट असू शकतात. एक 'सगळ्यात नवीन'वर चालणारी, ती हलणारच, हलली पाहिजेच. दुसरी अमुक आवृत्तीवर खुंटा ठोकलेली. ती हलली तर कोणाचं तरी जुनं मशीन हललं, तिथं उत्तर द्यावं लागते.

तुमच्या ४१२मध्ये हा फरकच नव्हता ना ताई? ३०१ डीफॉल्टवर होत्या त्यातल्या किती खरोखर डीफॉल्ट तपासायला लिहिलेल्या, आणि किती जणांनी आळसानं मशीनची ओळ लिहिली नव्हती? माझा अंदाज, पहिल्या प्रकारच्या दहाही नसतील. टेस्ट आवाजाची असते, यूएसबीची असते, मेमरीची असते. मशीनशी तिला काही देणंघेणं नसते, पण मशीन बदललं की तीही रडते.

मशीनच्या नावाबद्दल एक. आपण 'पीसी' किंवा 'क्यू३५' लिहितो ते टोपणनाव. मशीन जतन होताना लिबव्हर्ट त्याच्या जागी आवृत्तीसकट पूर्ण नाव लिहून ठेवते, म्हणून क्यूएमू अपडेट केली तरी जुन्या मशीनचं हार्डवेअर जागचं हलत नाही. जिनिंगवाल्यांनी जुन्या सर्व्हरवरून तो जतन केलेला एक्सएमएल डंप करून नेला असता तर काहीच झालं नसतं. त्यांनी दहा ओळींच्या फाइलीतून मशीन पुन्हा जन्माला घातलं. त्यात त्यांची चूक नाही, टूल विकताना हेच सांगून विकलं असणार.

आता नियमांबद्दल. धानवाले भाऊ, तुम्ही जे चाळीस नियम लिहाल ते तुम्हाला सुचलेले चाळीस असतील. माझ्यावर बेतलेलं सांगतो. मेमरीचं एकक कोणी तरी 'केबी' लिहिलं. लिबव्हर्टमध्ये केआयबी म्हणजे १०२४ बाइट आणि केबी म्हणजे १०००. मशीन उठते, चालते, फक्त मेमरी थोडी कमी. असा नियम मला सात जन्मात सुचला नसता. पूर्ण फाइल जुळवली म्हणून २०९७१५२च्या जागी २०४८००० दिसलं आणि पकडलं. नियम हे माहीत असलेल्या खड्ड्यावरचं झाकण. पूर्ण फाइल म्हणजे वावराचं कुंपण, ते कुठूनही कोणी शिरलं तर हलते. वाऱ्यानंही हलते, हे खरं.

दोन्ही ठेवा. आणि एरर आलाच पाहिजे अशा टेस्टही ठेवा. क्यू३५वर आयडीई मागितलं तर लिबव्हर्ट सरळ नकार देते, तुमच्या टूलनं मात्र परस्पर साटा करून दिलं. मायेनं केलं, पण न विचारता.


आर्णीचा_आयटीआय

मध्येच विचारतो, सॉरी. मला हे शिकायचं आहे पण माझ्याकडे ४ जीबीचा लॅपटॉप आहे. व्हर्च्युअल मशीन एक सुरू केलं तरी माऊस अडकते. असल्या टेस्ट चालवायला सर्व्हर लागतो का?


पराटी

नाही रे भाऊ, काहीच लागत नाही. माझा लॅपटॉपही काही फार मोठा नाही. यात मशीन सुरूच करायचं नसते. फक्त कागद निघतो आणि कागद जुळवायचा. ४१२ टेस्टला माझ्याकडे ५० सेकंद लागतात, बॅटरीवर.

लिबव्हर्टमध्ये एक खोटं हायपरव्हायझर (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) येते, टेस्ट ड्रायव्हर म्हणतात. जोडणीचा पत्ता 'टेस्ट:///डिफॉल्ट' असा द्यायचा. त्यात मशीन बनवा, सुरू करा, डिस्क जोडा, मोडा. सगळं नुसतं मेमरीत, बाहेर पडलं की साफ. खरी एकही डिस्क हलत नाही. व्हर्ट-इन्स्टॉलला तो पत्ता देऊन सोबत एक्सएमएल छापायचा पर्याय लाव आणि एकेक गोष्ट बदलून काय बदलते ते वहीत लिहीत जा. आठवडाभर हेच कर. मी तशीच शिकली.

एक सांभाळ. तुझ्या लॅपटॉपचा सीपीयू आउटपुटमध्ये शिरू देऊ नको. माझ्या चार टेस्ट वर्षभर माझ्याकडे हिरव्या आणि पुण्याच्या बिल्ड सर्व्हरवर लाल होत्या, कारण त्या माझ्याच मशीनला विचारत होत्या की तुझा सीपीयू कोणता. आता होस्टची (ज्या खऱ्या कम्प्युटरवर सगळं चालते त्याची) माहितीही एका फाइलीत ठेवून तीच वाचायला लावली आहे.


आंबिया_बहार

वहीचा सल्ला चांगला. मीही वहीच वापरतो, लोक हसतात.

ताई, 'कोणती काढू' याचं राहिलंच. कोडमधली एक ओळ मुद्दाम मोडा. बलूनचं (मशीनची मेमरी कमी-जास्त करणारं) उपकरण टाकणारी ओळच पुसून टाका. टेस्ट चालवा, किती लाल होतात ते मोजा आणि ओळ परत घाला. मग दुसरी ओळ. वीसेक ओळी अशा मोडून पाहिल्या की दिसते, कोणत्या टेस्ट कायम एकत्रच लाल होतात, एकटीनं कधीच होत नाहीत. त्या काढायच्या. उलट एखादी ओळ मोडूनही सगळं हिरवं राहिलं तर तिथं टेस्टच नाही, ती लिहा. व्हर्ट-मॅनेजरच्या टेस्टमध्ये 'मेनी-डिव्हायसेस' म्हणून एक केस आहे, एकाच मशीनमध्ये शक्य ती सगळी उपकरणं कोंबलेली. तसली एक करा, पन्नास छोट्या तिच्यात जिरतील.


धानाचा_बांध

केबीचं उदाहरण मान्य, तिथं मी हरलो. पण ताई, एक विचारतो. जिनिंगवाली टेस्ट पुढच्या वर्षी कोणी दुसऱ्यानं पाहिली तर त्याला कसं कळणार की ही हलवायची नाही? तुम्ही सुट्टीवर असाल, नवीन पोरगं येईल, त्याला ३०१ लाल दिसतील, रिजनरेट दिसेल. तुम्ही दाबलं तसं तोही दाबेल.


पराटी

हाच घोळ मी परवा करून बसली. त्या चार केसच्या आउटपुट एक्सएमएलमध्ये वर कमेंट लिहिली, 'ही डिस्क आयडीईवरच राहिली पाहिजे, कारण अमुक'. मोठ्या समाधानानं. मग सहज म्हणून रिजनरेट करून पाहिलं, तर कमेंट गायब! जाणारच ना, ती फाइल टूल लिहिते, टूलला माझी कमेंट कुठून माहीत. म्हणजे ज्या दिवशी ती कमेंट वाचायची गरज, नेमकी त्याच दिवशी ती पुसली जाणार.

आता कमेंट इनपुट फाइलीत आहे, तिथं टूल हात लावत नाही. आणि केसचं नावच बदललं. आधी 'विन-०७' होतं. आता 'एक्सपी-जिनिंग-काटा-आयडीईच'. नाव डिफच्या यादीत दिसतेच, फाइल न उघडता. पुण्याच्या एका पोरानं मर्ज करताना विचारलं, हे कसलं नाव. त्याला फोन करून बाबांची गोष्ट सांगितली. तो आता विसरणार नाही.

रिजनरेटच्या कमांडलाही एक अडसर घातला. ती चालली की आधी नमुन्यांची यादी छापते, आकड्यांसकट, छोट्या आकड्यांचे नमुने सगळ्यात वर. मग विचारते, लिहू का. मी सोडून सगळ्यांना त्याचा त्रास होऊन राहिला, पण चालते.


पराटी (बारा दिवसांनी)

विचारलं होतं म्हणून हिशेब देते.

३०१पैकी खरोखर डीफॉल्ट तपासणाऱ्या निघाल्या ६. आंबियाभाऊ, तुमचा अंदाज बरोबर. त्या सहा वेगळ्या फोल्डरमध्ये काढल्या. बाकीच्यांत मशीनची ओळ घालून खुंटा ठोकला, बहुतेक क्यू३५वर, त्या चार आणि आणखी नऊ ४४०एफएक्सवर. पुढचं डीफॉल्ट बदलेल तेव्हा सहाच लाल व्हाव्यात.

बलूनची ओळ पुसली तर २८४ लाल! हसावं की रडावं. दुसरीकडे सिरियल पोर्टची ओळ मोडली, जिच्यावर काट्याची वजनपेटी चालते, तर एकही लाल नाही. एकही! ४१२ टेस्टमध्ये होस्टचा खरा सिरियल पोर्ट आत देणारी एकसुद्धा नव्हती. नोव्हेंबरात फक्त डिस्क गेली, केबल चालली, ते निव्वळ नशीब. ती टेस्ट त्याच रात्री लिहिली.

धानवाल्या भाऊंचे नियम १४ लिहून झाले, त्यात आयडीईची पाचवी डिस्कही आहे. ती मागितल्यावर आमचं टूल एरर देत नव्हतं, पाचवी गुपचूप साटावर टाकत होतं. कोडवाल्यांना इश्यू टाकला आहे. ओएसइन्फोला विचारूनच मशीन ठरवायचं, हे त्यांनी मान्य केलं आहे, केलेलं मात्र अजून नाही.

सध्या ४१२च्या २६३ झाल्या. काढलेल्या दोन परत घातल्या, काढल्यावर लक्षात आलं.

जिनिंगच्या पोरानं जतन झालेला एक्सएमएल डंप करून मला मेल केला, एक प्रिंट काढून काट्याच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवली म्हणते. चार पानं, सेलोटेपनं. बाबा दुसऱ्या वेचणीचा कापूस घेऊन गेले तेव्हा त्यांनी ती पाहिली. घरी येऊन विचारलं, "ते तुयं हाये का वं, भिंतीवरचं?" हाव म्हटलं. "मंग मराठीत काहून नाही लिवलं?"

सात-आठ नियम अजून लिहायचे आहेत. लाईन आली की बसते.